ल्युबेनच्या गाडीतला सेन्सर

पेर्निक गावात वेगाच्या गाडीचं काही बिनसलं की लोक यावोरकडे जायचे, आणि त्यातून पार्ट महागाचा निघाला तर यावोरकडेच जायचे. शोरूममधला माणूस संगणकात बघून किंमत सांगायचा, ती ऐकून गाडीवाल्याचा चेहरा उतरायचा, आणि मग शेजारचा कुणीतरी म्हणायचा, "यावोरला विचार. तो कुठून ना कुठून काढतोच." बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीमागे त्याचं गॅरेज होतं, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं. शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी तो स्वतः गाडीखाली शिरायचा. बायको कधीच सोडून गेली होती, मुलगी जर्मनीत कामाला होती. 'कुठून ना कुठून काढतोच' हे शब्द कानावर आले की मात्र त्याला आतून बरं वाटायचं. दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण हे ऐकायला मिळालं पाहिजे, असा त्याचा स्वभाव झाला होता.

ऑक्टोबरात कालोयान बेकरीवाला आला. त्याची जुनी जपानी टर्बो गाडी वार्षिक तपासणीत धुरावर नापास झाली होती. यावोरने संगणक जोडला. दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेले होते.

"नवे टाकायचे तर?" कालोयानने विचारलं.

"शोरूममध्ये? महिनाभर पाव विकतोस तेवढ्यात बहुतेक भागेल."

"मग तू आहेस कशाला, मिस्त्री?"

"बघतो," यावोर म्हणाला.

पूर्वी तो असल्या वस्तूसाठी हमरस्त्यालगतच्या रविवारच्या बाजारात जायचा. तिथं लोक गाडीची डिकी उघडून पार्ट मांडून बसतात. जूनपासून तो त्या बाजाराकडे फिरकला नव्हता. का नाही, हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. त्याने ठरवलं, वापरलेला असला तरी अस्सल असेल असा सेन्सर काढायचा. म्हणून तो गेनोच्या शवागारात गेला. मोडक्या गाड्यांच्या त्या वाड्याला गावात सगळे शवागारच म्हणत. त्यात कुणाला काही वाटत नसे.

गेनो चाकं नसलेल्या एका बसमध्ये बसायचा. तेच त्याचं ऑफिस. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून तो फारसा उठत नसे.

"आलास का, गिधाडा," तो म्हणाला. "आज काय टोचायचंय?"

यावोरने सांगितलं.

"तुझं नशीब बघ. अगदी तीच गाडी आहे. तिसऱ्या रांगेत, निळी. पुढून चेपलीय, पण धुराचा पाईप शाबूत आहे. तूच काढून घे, मला वाकवत नाही."

"कुणाची?"

"रादोमिर गावाच्या रस्त्यावरच्या अपघातातली. तो क्रेनवाला पोरगा नाही का, समोरच्या गाडीतल्या मास्तरीणबाईंनाही सोबत घेऊन गेला तो. पोलिसांनी सोडली गेल्या महिन्यात. बाप आला, कागदावर सही केली, आणि पैसे न घेताच चालता झाला."

यावोरच्या हातात पान्याची पेटी होती. ती त्याने दुसऱ्या हातात घेतली आणि तिसऱ्या रांगेकडे निघाला. परत फिरायला काही अडचण नव्हती. पण गेनो काचेतून बघत होता.

गाडी ओळखायला वेळ लागला नाही. अग्निशमनवाल्यांनी छप्पर कापून मागे दुमडलं होतं. चालकाच्या सीटच्या पायाशी सूर्यफुलाच्या बिया सांडलेल्या होत्या, पावसाने फुगून त्यांना कोंब फुटून ते वाळूनही गेले होते. यावोर आत बघायचं टाळून पुढच्या बाजूला वाकला. पाईपात घट्ट बसलेला सेन्सर दिसला, आणि त्याच्या वायरीवर गुंडाळलेली पिवळी पट्टी. दोन वेढे आणि खाली गाठ. अशी पट्टी सबंध पेर्निकमध्ये एकच माणूस गुंडाळायचा, तो स्वतः.

ही निळी गाडी घेऊन ल्युबेन मार्चमध्ये आला होता. एकतीस वर्षांचा, बांधकामावर क्रेन चालवणारा. उंचावर बसून दिवसभर हळूहळू ओझी हलवायची सवय असल्यामुळे की काय, गाडीही तो तशीच चालवायचा. गॅरेजच्या मोकळ्या आवारात वळतानाही इंडिकेटर द्यायचा. यावोर त्याला चिडवायचा, "इतकं घाबरायचं होतं तर म्हातारीची गाडी घ्यायचीस." ल्युबेन हसायचा. इंजिनाचा आवाज आवडतो, एवढंच म्हणायचा. सेन्सर गेला तेव्हा तो म्हणाला होता, "ओरिजिनलच टाक, मिस्त्री. पण कुठे स्वस्तात मिळाला तर बघ ना."

यावोरने बघितलं. रविवारच्या बाजारात एका डिकीत शोरूमच्या निम्म्याहून कमी भावात सेन्सर मिळाला. खोका बरोबर होता, नाव बरोबर होतं. फक्त नावातलं एक अक्षर थोडं फिसकटल्यासारखं होतं. यावोरला ते दिसलं. त्याने विचारलंही. "खोका भिजला होता," विकणारा म्हणाला. खोका कुठेही फुगलेला नव्हता. यावोरने पैसे दिले. सोमवारी ल्युबेनला सांगितलं, "ओरिजिनल आहे. काढला बघ कुठून ना कुठून." त्यावर त्याने नफा घेतला नव्हता. जेवढ्याला आणला तेवढ्यालाच दिला. ल्युबेनने दुसऱ्या दिवशी आईने चीज घालून भाजलेलं बनित्सा ताटभर आणून दिलं होतं.

आता तो सेन्सर सुटता सुटत नव्हता. सुटला तेव्हा यावोरने तो उजेडात धरला. तीन महिने चाललेल्या सेन्सरचं टोक तपकिरी, राखाडी असायला हवं. हे खडूसारखं पांढरं पडलं होतं आणि वरची जाळी बोटाने दाबली तर चुरा होत होती. धातूवरचं नाव त्याने नखाने खरवडलं. ते निघून नखात आलं. अस्सलवर नाव कोरलेलं असतं.

तिथंच थांबता आलं असतं. पण हाताला सवय होती. त्याने इंजिनाचा तिसरा स्पार्क प्लग काढला, पेटीतला बारीक कॅमेरा आत सोडला आणि मोबाईलवर बघितलं. पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी वितळून गेली होती.

मग त्याला सगळं दिसलं. हा सेन्सर धूर हुंगून गाडीच्या मेंदूला सांगतो, पेट्रोल जास्त होतंय की कमी. हा खोटं सांगत राहिला होता. जास्त होतंय, जास्त होतंय. मेंदू पेट्रोल तोडत गेला. रोजच्या गावातल्या चालवण्यात काही कळलं नाही. जूनमधल्या त्या दुपारी रादोमिरच्या दोनपदरी रस्त्यावर ल्युबेनने लाकडाच्या ट्रकला मागे टाकायला पहिल्यांदाच गाडी खरी पळवली असेल. समोर रस्ता मोकळा असेल, त्याशिवाय तो बाहेर पडला नसता. आणि ट्रकच्या बरोबरीत आल्यावर पेट्रोल अपुरं पडून कोरड्या आगीत पिस्टन गेला. पुढे जायला ताकद नाही, मागे व्हायला जागा नाही. वळणावरून मास्तरीण झिव्का बाईंची लहान गाडी आली.

पोलिसांच्या तज्ज्ञाने टायर बघितले, ब्रेक बघितले, रस्त्यावरच्या खुणा मोजल्या. इंजिन कुणी उघडलं नाही. बेदरकारपणे पुढे जाण्याचा प्रयत्न, दोषी चालक मयत, सबब प्रकरण बंद.

यावोरने सेन्सर जाकिटाच्या खिशात टाकला आणि प्लग परत बसवला.

"मिळाला?" गेनोने विचारलं. "वीस लेवा ठेव. आणि दुसरा?"

"दुसरा गंजलाय," यावोर म्हणाला. दुसरा चांगला होता. पण त्या गाडीला पुन्हा हात लावायची त्याची छाती झाली नाही.

कालोयानला त्याने सांगितलं, मिळत नाही, शोरूममधून घे. कालोयानला खरं वाटेना. "म्हातारा झालास, मिस्त्री," म्हणत तो गाडी घेऊन गेला.

आठवड्याने ल्युबेनचा बाप गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. स्पासकाका खाणीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, बोलताना मध्येच श्वासासाठी थांबणारे. दफनाच्या दिवशी यावोरने त्यांचा हात हातात घेतला होता, त्यानंतर भेट नव्हती.

"कॉफी घेणार, काका?"

"नको. एक विचारायचंय." त्यांनी टोपी काढली. "झिव्का बाईंचा नवरा, इल्को, समोरून आला की रस्ता बदलतो. मी त्याला दोष देत नाही. दुकानात बायका त्याच्या आईशी, वेलाशी, बोलत नाहीत. मुलगा माजलेला होता, बाईंना मारून गेला, असं म्हणतात. तू त्याला ओळखायचास. गाडी तुझ्याच हाताखालची. तो असा होता का?"

"नव्हता," यावोर म्हणाला.

"मग गाडीत काही झालं असेल का? तू जाणकार आहेस. माझं मन म्हणतं काहीतरी झालं असेल."

यावोरच्या जाकिटाच्या खिशात तो सेन्सर तसाच होता. जाकीट खुंटीला टांगलेलं, स्पासच्या खांद्यापासून हातभर अंतरावर.

"गाडी ठणठणीत होती, काका," तो म्हणाला. "मीच बघितली होती ना."

स्पासनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "तरी एकदा माझ्यासोबत चल. गेनोकडे आहे अजून. आतून उघडून बघ. एकदा बघितलीस की पुन्हा विचारणार नाही."

"पुढच्या आठवड्यात जाऊ."

"तू म्हणशील तेव्हा."

पुढच्या आठवड्यात यावोरने ताप आल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात काम फार आहे म्हणाला. स्पास दर वेळी फोनवर म्हणायचे, "असू दे, असू दे, तुझं काम आधी." गेनोकडे दर नोव्हेंबरात गाड्या दाबायचं यंत्र येतं, हे यावोरला माहीत होतं. स्पासना माहीत नव्हतं. यावोरने ते मनात कधी पुरतं म्हटलं नाही, पण तो त्या यंत्राची वाट बघत होता. नोव्हेंबरच्या शेवटी गेनोचा सहज फोन आला, भाव वाढलाय, अठ्ठावीस गाड्या गेल्या, जागा मोकळी झाली. "ती निळीसुद्धा?" "सगळी रांग गेली रे. का, अजून काही हवं होतं?"

आता सुटलो, असं यावोरला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.  पुढचे चार दिवस त्याच्याने कुठल्याच गाडीखाली शिरवेना. आडवा झाला की वर इंजिन दिसायचं, आणि तो सरपटत बाहेर यायचा.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, तो स्पासच्या घरी गेला. फाटकावर ल्युबेनचा फोटो असलेला नवा कागद चिकटवला होता, 'सहा महिने तुझ्याविना'. आत वेलाकाकू टेबलाशी गहू निवडत बसल्या होत्या, सहा महिन्यांच्या विधीसाठी. स्पास चुलीत लाकूड सारत होते. त्याला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलास? चल, जाऊया गेनोकडे. मी आत्ता कोट घालतो."

"गाडी नाहीय, काका. दाबून टाकली."

स्पास तसेच वाकलेले राहिले.

यावोरने सेन्सर टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाजार, फिसकटलेलं अक्षर, ल्युबेनला काय म्हणाला ते, पांढरं पडलेलं टोक, कॅमेऱ्यातला पिस्टन. ताप नव्हता आला, हेही सांगितलं. त्याचा आवाज एकदाही चढला नाही, उतरला नाही, जणू एखाद्या गिऱ्हाईकाला गाडीचा बिघाड समजावतोय.

 मग वेलाकाकूंनी गव्हातून हात काढला.

"त्याला कळलं असेल का?" त्यांनी विचारलं. "गाडी दगा देतेय हे?"

यावोरला खोटं बोलता आलं असतं, आणि या वेळी ते दयेचं ठरलं असतं. "हो," तो म्हणाला. "तीन-चार सेकंद."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या. बोटं चालत होती, पण खडे आणि दाणे एकाच वाडग्यात पडत होते.

"मी तुझ्या दारात उभा राहून विचारलं होतं," स्पास म्हणाले. "टोपी काढून विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा गाडी होती."

"होती."

"गाडी असताना बोलला असतास तर पोलिसांना दाखवता आलं असतं." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत यावोर उभाच राहिला. "आता हे कोण खरं मानणार? माझ्या मुलाला तू एकदा मारलंस, यावोर, ते एक वेळ चुकून झालं म्हणू. दुसऱ्यांदा मात्र जाणूनबुजून मारलंस."

 स्पासनी कोट घातला. "चल," ते म्हणाले.

पोलीस चौकीत त्यांना तासभर बसवून ठेवलं. तपास अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने सेन्सर कागदात धरून उलटसुलट बघितला.

"गाडी कुठाय?"

"दाबून टाकली."

"मग हा त्याच गाडीतला, हे कशावरून?"

"मीच बसवला होता. मीच काढला."

"म्हणजे पुरावा तुम्हीच बसवला आणि तुम्हीच काढला," अधिकारी म्हणाला. "कॅमेऱ्यातलं चित्र?"

"जपून ठेवलं नाही."

"मग मी काय करू, सांगा." त्याने स्पासकडे बघितलं आणि आवाज जरा मऊ केला. "काका, खिशातून असा पार्ट कुणीही काढून दाखवेल. उद्या लोक म्हणतील, मुलाचं नाव धुवायला तुम्ही मिस्त्रीला पढवून आणलं. जबाब घेतो. शिक्का मारून देतो. यापुढे माझ्या हातात काही नाही."

जबाब पानभर झाला. यावोरने सही केली. त्याला वाटलं होतं की आपल्याला अटक होईल, आणि ती होणार नाही हे कळल्यावर तो पेन हातात धरून तसाच बसून राहिला. शिक्षा झाली असती तर ती कधीतरी संपली असती.

तिथून स्पास त्याला इल्कोच्या घरी घेऊन गेले. सहा महिन्यांत ही दोन माणसं एकमेकांशी शब्दही बोलली नव्हती. इल्कोने दार उघडलं, पायात घरातल्या सपाता, मागे रेडिओ चालू. त्याने त्यांना आत बोलावलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून यावोरने सकाळपासून तिसऱ्यांदा तेच सांगितलं. या वेळी त्याचा आवाज मध्येच तुटला.

इल्को शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग स्पासना म्हणाला, "हे मला पटवायला याला आणलंस?"

"पटवून घे म्हणत नाही. ऐक म्हणतो."

"ऐकलं." इल्कोने यावोरकडे एकदा नीट बघितलं, चेहरा पाठ करून ठेवल्यासारखं. "झिव्का त्या दिवशी बहिणीकडे चालली होती. मी म्हटलं होतं, उद्या जा." त्याने दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

सहा महिन्यांच्या विधीला थंडी कडक होती. स्मशानातल्या पायवाटांवर बर्फ घट्ट बसलं होतं. वेलाकाकूंनी अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा गहू शिजवून, साखर-अक्रोड घालून आणला होता. माणसं आली अकरा. त्यातले चौघे ल्युबेनच्या क्रेनवरचे. दुकानातल्या बायका आल्या नाहीत. इल्को आला नाही. पाद्री घाईघाईने प्रार्थना म्हणून मोकळा झाला, स्पासनी थडग्यावर लाल वाईन ओतली, ती बर्फात खळी पाडत आत गेली.

यावोर फाटकाबाहेर थांबला होता. आत जायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं, आणि न येणंही त्याला जमलं नव्हतं. लोक निघून गेल्यावर वेलाकाकू त्याच्याकडे आल्या. हातात प्लास्टिकच्या पेल्यात गहू होता.

"घे," त्या म्हणाल्या. "ल्युबेनसाठी घे."

त्याने घेतला. चमचा नव्हता, पेला तोंडाला लावून त्याने खाल्लं. त्या समोर उभ्या राहून तो संपवतोय का ते बघत होत्या.

"मी तुला माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "गैरसमज नको. मंगळवारी सकाळी सातच्या बसला ये. स्पासना राजधानीत, सोफियाला, वरच्या कचेरीत प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज द्यायचाय. तुझी सही लागेल."

"येतो, काकू."

तो गेला. मग जानेवारीत दोनदा, फेब्रुवारीत एकदा. गॅरेजवर पाटी लावली होती, टर्बो गाड्या घेणार नाही. आता ब्रेक आणि तेल बदलण्याचीच कामं यायची, तीही कमी होत चालली होती, कारण त्याने आपल्या तोंडाने सगळ्या गावाला सांगितलं होतं. काहींना खरं वाटलं. पुष्कळांना वाटलं, म्हाताऱ्या स्पासनी काहीतरी देऊन याला असं बोलायला लावलं. कालोयान तर तोंडावर म्हणाला, "तू मूर्ख आहेस, मिस्त्री. कुणी विचारलं होतं का तुला?"

बसमध्ये स्पास खिडकीजवळ बसायचे आणि कागदांची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवायचे. तासाभराच्या प्रवासात एक शब्द नाही. उतरताना जिना असला की यावोर हात पुढे करायचा आणि स्पास कठडा धरायचे. कचेरीत मात्र ते यावोरला पुढे करायचे. सांग, म्हणायचे. आणि यावोर पुन्हा पहिल्यापासून सांगायचा, फिसकटलेल्या अक्षरापासून. कुठे एखादा साहेब अर्ज ठेवून घ्यायचा, कुठे दुसऱ्या खिडकीकडे पाठवायचे.

मार्चमध्ये एका नव्या खिडकीमागे चष्मा लावलेल्या बाई होत्या. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. अर्जदाराचं नाव लिहिलं, मयताचं लिहिलं, मग पेन यावोरकडे वळवलं.

"आणि हे? तुमचे कोण?"

 स्पास काचेला जरा टेकले, त्यांना श्वास घ्यायचा होता.

"यानं माझ्या मुलाची गाडी दुरुस्त केली होती," ते म्हणाले.

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं आणि पुढची ओळ विचारली.